वस्तीतली सावली : थोडा इतिहास, थोडा हिशेब



एप्रिल महिन्यात दुपारी दोन वाजता पालीच्या तिठ्यावर तुम्ही एस.टी.ची वाट पाहत उभे राहिला असाल, तर या लेखाचा विषय तुम्हांला समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. आंबा घाट उतरून साखरपा, नाणीजमार्गे येणारा कोल्हापूरचा रस्ता आणि मुंबईहून गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथे एकमेकांस मिळतात. माणसे उतरतात, गाड्या बदलतात, पिशव्या खाली ठेवून घाम पुसतात. कोकणातील या जुन्या रस्त्यांच्या दोन्ही अंगांना वड, आंबा, जांभूळ अशी पिढ्यान्‌पिढ्यांची झाडे उभी असत. गाडी तेव्हाही उशिराच यायची आणि तक्रारही व्हायचीच. पण ती तक्रार सावलीत बसून केली जाई.

गेल्या दहाबारा वर्षांत महामार्गाचे चौपदरीकरण सुरू झाले आणि रत्नागिरी जिल्ह्यातील रस्त्याकाठची ही झाडे ओळीने गेली. रस्ता नको होता असे कोणी म्हणणार नाही. अवघड बाळंतीण किंवा अपघातात सापडलेला माणूस वेळेवर इस्पितळात पोहोचावयाचा तर रुंद रस्ता हवाच. परंतु रस्ता रुंद झाला की त्याच्या कडेला दुकाने येतात, दुकानांमागे चाळी येतात, चाळींमागे इमारती येतात, आणि खेडे म्हणून ओळखले जाणारे गाव दहापंधरा वर्षांत बाजारपेठ होऊन बसते. पालीसारखी तिठ्यावरची गावे आज याच वळणावर आहेत. ती अजून शहर झालेली नाहीत, पण निव्वळ खेडीही उरलेली नाहीत. म्हणूनच, ज्यांची शहरे आपल्या आधी वाढली त्यांनी सावलीचे काय केले, हे पाहून ठेवणे आपल्या फायद्याचे आहे.

आरंभ औरंगाबादपासून करू. (२०२३ पासून या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर असे झाले आहे, इतिहासातील गोष्ट सांगताना मी जुने नाव वापरतो.) हे शहर वसविणारा मलिक अंबर हा हबशी होता. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा आफ्रिकेतून हिंदुस्थानात आला आणि स्वतःच्या कर्तबगारीवर अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा झाला. त्याच्या गनिमी काव्याविषयी शाळेच्या पुस्तकांतून थोडेबहुत येते. पाणी कसे आणावे याचेही त्याला विलक्षण ज्ञान होते, हे मात्र विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते.

इ.स. १६१० मध्ये त्याने खडकी या गावी आपली राजधानी वसविली. जागा लष्करी दृष्टीने सोयीची, पण पाण्याची ओढ. तेव्हा त्याने उत्तरेकडील डोंगराळ भागातले भूगर्भातील पाणी जमिनीखालच्या बांधीव मार्गाने शहरात आणले. हीच ती प्रसिद्ध ‘नहर-ए-अंबरी’. पंप नाही, इंजिन नाही. जमिनीचा उतार आणि पाण्याचा स्वतःचा दाब एवढ्याच भांडवलावर पाणी वस्तीवस्तीतील हौदांपर्यंत पोहोचत असे. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. पुढे मोगलांच्या काळात शहराचे नाव बदलले, आणखी नहरी निघाल्या, आणि त्या पाण्यावर बागा उभ्या राहिल्या. बावन्न पुरे आणि बावन्न दरवाजे अशी ख्याती असलेल्या या शहरात मशिदीच्या अंगणात, सराईत आणि हवेलीच्या चौकात जे हौद होते, त्यांच्या भोवती झाडे होती. मुद्दाम लक्षात घ्या, येथे पाणी आधी आले आणि झाडे मागाहून लागली.

पाणचक्की तुमच्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिली असेल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात दुरून आणलेले पाणी उंचावरून हौदात पडते, आणि त्याच पाण्याच्या जोरावर पूर्वी तेथे दळण दळले जात असे. ते पीठ दर्ग्यात येणाऱ्या फकिरांच्या आणि वाटसरूंच्या पोटी जाई. आपण मुलांना घेऊन जातो, त्यांना चक्कीचे दगड दाखवितो, हौदातील मासे दाखवितो आणि परत येतो. हौदाच्या काठाचा तो प्रचंड वड मात्र बहुतेकांच्या फोटोत केवळ पाठीमागचे दृश्य म्हणून येतो. माझ्या मते तेथील सर्वांत मोठा धडा तो वड आहे. एकाच पाण्याने दळण दळले, वजू झाली, मासे जगले, आणि तेच पाणी पाझरून वडाच्या मुळाला मिळाले. झाडासाठी वेगळा खर्च कोणी केला नसेल.

पुढे काय झाले? निजामाची राजधानी हैदराबादला गेली, शहराचे वैभव ओसरले, नहरींची निगा राहिली नाही. कोठे गाळ भरला, कोठे वरून इमारती उभ्या राहिल्या. ७० च्या दशकात पैठणला जायकवाडीचे धरण झाले आणि शहराचे पाणी तिकडून पंपाने येऊ लागले. नळ आले ते चांगलेच झाले. परंतु नळाचे पाणी घरात जाते, बागेत जात नाही. नहरीचे पाणी वाटेत थांबत थांबत जात असे. जुन्या बागांपैकी बहुतेक नावापुरत्या उरल्या. एक मात्र टिकली. दिल्ली दरवाजाच्या बाहेर मोगल काळातील हिमायतबाग आजही हिरवी आहे. याला कारण असे की ती कृषी विद्यापीठाच्या फळसंशोधन केंद्राकडे गेली. तेथे माळी आहेत, पगार आहे, कोणते झाड केव्हा लावले याची नोंद आहे. बादशहांनी लावलेल्या बागा बादशहांबरोबर गेल्या. ज्या बागेला कारकून आणि माळी मिळाला ती राहिली. ऐकावयास हे काव्यमय नाही, पण इतिहास असाच आहे.

हिमायतबागेच्या समोर एक तलाव आहे. मोगल काळात त्याला खिजरी तलाव म्हणत. आज तो सलीम अली सरोवर म्हणून ओळखला जातो. डॉ. सलीम अली यांचा जन्म १८९६ चा, मुंबईचा. आईवडील लहानपणीच गेले आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या खेतवाडीतील घरात ते वाढले. दहाबारा वर्षांचे असताना छऱ्याच्या बंदुकीने मारलेली एक चिमणी त्यांना वेगळी वाटली, गळ्यावर पिवळा डाग असलेली. मामाने त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत पाठविले. तेथील सचिव मिलार्ड यांनी या घाबरलेल्या मुलाला आत घेतले, पक्ष्याचे नाव सांगितले, कपाटे उघडून दाखविली. त्या एका भेटीतून हिंदुस्थानचा सर्वांत मोठा पक्षितज्ज्ञ घडला, हे सर्वांना ठाऊक आहे. थोड्यांना ठाऊक असते ते असे की हेच मिलार्ड झाडांचे मोठे जाणकार होते, आणि हिंदुस्थानातील सुंदर वृक्षांवर त्यांनी फादर ब्लॅटर यांच्याबरोबर लिहिलेले पुस्तक आजही अभ्यासक वापरतात. (गमतीची गोष्ट म्हणजे सलीम अली पुढे राहत असत ते ठिकाणही पालीच; पण ती वांद्र्याची पाली हिल!)

आता मुंबईकडे वळू. आपल्या कोकणी मुसलमान समाजाचे अर्धे घर मुंबईत असते. आजोबा जहाजावर, वडील गोदीत किंवा पेढीवर, आणि वस्ती डोंगरी, नागपाडा, माझगाव या बाजूला. त्यामुळे मुंबईची गोष्ट ही परक्या शहराची गोष्ट नव्हे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे रोगी सापडले आणि पाहता पाहता शहर हादरले. लक्षावधी लोक गावी पळाले. त्यांत कोकणातलेही होतेच. रोग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे तेव्हा सिद्ध व्हावयाचे होते. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या, कोंडलेली हवा हेच कारण मानले गेले. त्यातून १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने जुनी घरे पाडून रुंद रस्ते काढले. समुद्रावरची हवा आतल्या वस्तीत खेळावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट काढला, पूर्वपश्चिम असा सँडहर्स्ट रोड काढला. आपल्या परिचयाचा महंमद अली रोडही याच ट्रस्टच्या कामातला. नागपाड्याची पुनर्बांधणी ही ट्रस्टची पहिली योजना होती, आणि बी.आय.टी. चाळी या नावातील तीन अक्षरे त्याच ट्रस्टची आहेत. त्या चाळींत जन्मलेल्या कित्येकांना ती अक्षरे कशाची, हे माहीत नसते.

याच ट्रस्टने उत्तरेला दादर आणि माटुंगा येथे मोकळ्या जमिनीवर नवी वस्ती आखली. मध्यमवर्गाने दाट मुंबई सोडून इकडे यावे असा हेतू होता. ट्रस्टमध्ये नोकरीला असलेले एक पारशी अभियंते, मंचेरजी जोशी, यांनी आपल्या समाजातील साध्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी १०३ भूखंड राखून घेतले. तीच आजची दादर पारशी कॉलनी. मंचेरजींचे वैशिष्ट्य असे की त्यांनी घरांइतकाच विचार रस्त्यांचा आणि झाडांचा केला. फिरदौसी रस्त्याला महोगनी, जाम-ए-जमशेद रस्त्याला अशोक, अशी निरनिराळ्या रस्त्यांना निरनिराळी झाडे लावण्यात आली. मधोमध पाच बागांची जागा सुटली. ‘फाइव्ह गार्डन्स’ म्हणून सर्व मुंबई तिला ओळखते आणि मंचेरजींचेच नाव अधिकृतपणे त्या उद्यानांना आहे.

आज जून महिन्याच्या तोंडावर नागपाड्याहून निघून दादरच्या त्या रस्त्यावर उतरलात, तर अंगाला जाणवणारा फरक सांगावयास थर्मामीटर लागत नाही. दोन्ही वस्त्या एकाच ट्रस्टच्या, साधारण एकाच काळातल्या. मग फरक कशाचा? पैशाचा, असे पटकन म्हटले जाईल, आणि ते काही अंशी खरेही आहे. नागपाड्यात जमीन आधीच भरलेली होती. ट्रस्टने पाडले तेवढे पुन्हा बांधले, आणि बांधताना खोल्यांची संख्या पाहिली. दादरला जमीन मोकळी होती. परंतु जमीन मोकळी असणे आणि ती मोकळी राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईत मोकळी जमीन काय थोडी होती? ती बहुतेक सर्व भरली. दादरला घरे उठण्यापूर्वीच ‘ही जागा झाडाची, ही जागा बागेची’ असे नकाशावर लिहिले गेले, आणि त्या लिहिण्याच्या पाठीशी चिकाटीने उभा राहणारा माणूस आणि समाज होता. एका अल्पसंख्य समाजाने हे करून दाखविले आहे, हे आपल्या समाजातील पालकांनी विशेष ध्यानात घ्यावे. सरकारने आमच्या मोहल्ल्यात बाग केली नाही, ही तक्रार पुष्कळदा खरी असते. परंतु नकाशा आखला जात असताना आपल्यापैकी कोणी त्या टेबलाशी होते काय, हाही प्रश्न आहे. आणि त्या टेबलाशी बसावयास शिक्षण लागते. मंचेरजी अभियंते होते म्हणून तेथे होते.

मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृक्षगणनेत शहरातील झाडांची संख्या सुमारे २९ लाख ७५ हजार भरली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या १ कोटी २४ लाख. म्हणजे चार माणसांमागे एक झाड. पण सरासरी ही फसवी बाई आहे. एकीकडे विभागच्या विभाग हिरवे, तर दक्षिणेकडील दाट वस्तीच्या मोहल्ल्यांत गल्लीच्या गल्ली ओलांडली तरी झाड भेटत नाही. भेटलेच तर ते बहुधा मशिदीच्या आवारात, दर्ग्यापाशी किंवा कब्रस्तानात. मुंबईच काय, आपल्या कोकणातही कब्रस्ताने आणि देवराया या दोन जागांनी जेवढे जुने वृक्ष राखले तेवढे कोणत्याही खात्याने राखले नसतील. दोन्ही ठिकाणी कारण एकच. त्या जागेवर कोणी घर बांधणार नाही, हे सर्वांना आधीपासून मान्य होते.

गणनेची गोष्ट निघाली तशी कायद्याचीही सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात १९७५ मध्ये नागरी क्षेत्रातील झाडांचे संरक्षण व जतन करणारा कायदा झाला. महापालिका आणि नगरपालिका यांनी वृक्ष प्राधिकरण नेमावे, ठरावीक मुदतीने झाडे मोजावीत, परवानगीवाचून कोणी झाड तोडू नये, तोडावे लागलेच तर बदली झाडे लावावीत, अशा त्याच्या तरतुदी आहेत. २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानावे, आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावावीत, असे ठरले. म्हणजे शंभर वर्षांचा वड पडला तर शंभर रोपे.

झाडाची किंमत त्याच्या वयात असते, हा विचार मात्र महाराष्ट्राला नवा नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजनीतीचे सार म्हणून रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचा भाग आहे. आंबा, फणस ही झाडे आरमाराच्या उपयोगाची असली तरी त्यांना हात लावू नये, कारण ती एकदोन वर्षांत तयार होत नाहीत, रयतेने ती दीर्घकाळ सांभाळलेली असतात; एखादे जीर्ण झाड घ्यावयाचेच तर धन्याची राजीखुशी पाहून व मोल देऊन घ्यावे, जबरदस्ती करू नये, असा त्याचा भावार्थ आहे. जहाजे बांधावयाची होती, शत्रू समुद्रावर होता, तरीही ही सक्त ताकीद. आमच्या कोकणातीलच झाडांविषयीची ही आज्ञा, आणि आमच्याच महामार्गावर आम्ही काय पाहिले!

येथे पालीचा मुद्दा येतो. १९७५ चा कायदा नागरी क्षेत्रापुरता आहे. रत्नागिरी शहराला नगर परिषद आहे, तेथे तो लागू होतो. पालीला ग्रामपंचायत. ग्रामीण भागातील वृक्षतोडीवर नियंत्रणासाठी १९६४ चा वेगळा कायदा आहे, पण वृक्ष प्राधिकरण, वृक्षगणना, बागांचे आरक्षण या गोष्टी त्यात नाहीत. म्हणजे गाव शहरासारखे वाढत असताना मधली जी दहावीस वर्षे असतात, त्या काळात झाडांचा वाली कोणीच नसतो. कायदा येऊन पोहोचेपर्यंत जागा संपलेली असते. नागपाड्यात काय झाले ते आपण वर पाहिलेच.

जागेनंतर प्रश्न रोपांचा. वृक्षारोपण आपल्याला नवीन नाही. १९५० मध्ये केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून दर जुलै महिन्यात शाळाशाळांतून खड्डे खणले जातात. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये २ कोटी, पुढे ४ कोटी, मग १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी अशी चढती उद्दिष्टे ठेवली. नंतर त्यांतली किती रोपे जगली यावर विधिमंडळातही प्रश्न विचारले गेले. मी स्वतः एका शाळेच्या अशा समारंभाला हजर होतो. पाहुणे आले, नारळ फुटला, वर्तमानपत्रात फोटो आला. दुसऱ्या वर्षी पुन्हा निमंत्रण आले, आणि लक्षात आले की खड्डे तेच होते! मुख्याध्यापकांना दोष देत नाही. मे महिन्यात शाळा बंद. पाणी घालणार कोण?

कोकणातील रोपाचा खरा शत्रू पाऊस नसणे हा नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मराठवाड्याला हेवा वाटावा एवढा. पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो, जांभ्या दगडातून झिरपून निघून जातो, आणि फेब्रुवारीपासून त्याच गावात विहिरीचा तळ दिसू लागतो. मलिक अंबराचे शहर कोरड्या मुलखात असूनही बागांचे झाले, आणि आपण पावसाच्या माहेरघरी राहून रोपांना उन्हाळा दाखवू शकत नाही, हा विरोधाभास विचार करण्यासारखा आहे. जुलैत लावलेल्या रोपाची परीक्षा पुढच्या मार्च ते मे महिन्यांत असते. पहिले दोन उन्हाळे ओलांडले की बकुळ, करंज, जांभूळ आपले आपण पाहून घेतात. त्या दोन उन्हाळ्यांत दुसरा धोका मोकाट गुरांचा. भात कापून झाले की आपल्याकडे गुरे सोडून देण्याची चाल आहे, आणि रस्त्याकडेचे कोवळे रोप हे गुराला वाढलेले ताटच वाटते.

कोणते झाड लावावे यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. गुलमोहोर फुलला की डोळे निवतात, पण तो मूळचा मादागास्करचा. मुळे वरवरची, फांदी ठिसूळ, आणि वादळात तो रस्त्यावर आडवा होतो. पर्जन्यवृक्षही बाहेरून आलेला. त्याची सावली अप्रतिम, पण मुंबईत गेल्या काही वर्षांत पिठ्या ढेकणाच्या किडीने असे शेकडो वृक्ष वाळले. सगळा रस्ता एकाच जातीचा केला तर एक कीड सगळा रस्ता नेते, हे मंचेरजींच्या रस्त्यारस्त्यांवरच्या वेगवेगळ्या झाडांकडे पाहून सुचावयास हरकत नाही. आपल्याकडे बकुळ आहे, सावकाश वाढणारा पण बारमाही गर्द. रातांबा आहे, विजेच्या तारेखालीही मावणारा. ताम्हण आहे, ज्याचे फूल महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे. वडाला मात्र मन मोठे करून जागा द्यावी लागते. गटार आणि दुकानाची पायरी यांच्यामधल्या तीन फुटांत वड लावणे म्हणजे पुढच्या पिढीला भांडण लावून देणे होय. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्या जिल्ह्यात आहे. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिका आहेत. रोप मिळत नाही ही सबब आता चालण्यासारखी नाही.

मग पाणी कोठून आणावयाचे? येथे मला पुन्हा पाणचक्कीचा तो वड आठवतो. आपल्या प्रत्येक मशिदीत दिवसातून पाच वेळा वजू होते. ते पाणी साबणाचे नसते, घाण नसते. भर मे महिन्यातही ते रोज वाहते, आणि बहुतेक ठिकाणी मोरीतून सरळ गटारात जाते. एक नळी आणि थोडा उतार एवढ्यावर ते मशिदीच्या कुंपणाकाठच्या पाचसात झाडांच्या आळ्यांत नेता येते. शाळेतल्या पाण्याच्या टाकीखाली मुले हात धुतात, बाटल्या विसळतात. त्या पाण्याचेही तसेच. आपल्या लोकांत झाड लावणे ही सदका-ए-जारिया मानली जाते, कारण त्याच्या फळावर आणि सावलीवर माणसाबरोबर पाखराचा आणि जनावराचाही हक्क असतो. पण जारिया म्हणजे वाहते, चालू राहणारे. जुलैत लावून मार्चमध्ये वाळलेले रोप त्या हिशेबात कसे धरावे, हे जाणत्यांनीच सांगावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम आहे, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. शहरातली पालिका करते तशी तिठ्यापासून आपल्या शाळेपर्यंतच्या झाडांची गणना तुम्ही एका रविवारी करू शकता. वहीत चार रकाने आखा : झाडाचे नाव, छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर, कोणाच्या जागेत, आणि आजोबांच्या आठवणीप्रमाणे वय. शेवटचा रकाना भरताना तुम्हांला घरोघर जावे लागेल आणि प्रत्येक घरी निदान एक तोडलेल्या झाडाची हकिगतही ऐकावी लागेल. तीही मागच्या पानावर लिहून ठेवा. ती वही ग्रामसभेत वाचून दाखवा. ग्रामसभेच्या इतिवृत्तात एकदा ‘तिठ्याजवळची अमुक जागा झाडांसाठी राखावी’ हे वाक्य नोंदले गेले, की पुढे गाव वाढेल तेव्हा कोणाला तरी ते दाखविता येईल.

पालकांनी मात्र जुलैची वाट पाहू नये. जांभ्यात खड्डा मे महिन्यातच खणावा लागतो, तोही पहारीने. दोन फूट लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल. आठ दिवस उन्हात उघडा ठेवावा, मग तळाशी पालापाचोळा, वर भुसभुशीत माती आणि शेणखत. पहिला पाऊस त्यात मुरू द्यावा आणि रोप दुसऱ्या पावसानंतर लावावे. झाडाभोवती काटेरी शिरडांचे कुंपण त्याच दिवशी घालावे. ‘उद्या घालू’ म्हटले, तर त्या रात्रीच गुरे येऊन जातात.